पाहुण्यानें मुलांस बोलावयास शिकवावें काय?

आमच्या मंडळींतील एक तरुण शिक्षिका गेल्या महिन्यांत आमच्याकडे एक कागद घेऊन आली. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत नेपाळांत, काठमांडूजवळच्या एका बालगृहांत, सहा आठवडे बिनपगारी सेवा करावयास जाणाऱ्या तुकडींत तिची निवड झाली होती, आणि तिला पाळकाचें शिफारसपत्र हवें होतें. तिचें काम काय हेंहि त्या कागदांत लिहिलें होतें. तेथील मुलें एकमेकांस फार मारतात. तर हातानें न मारतां तोंडानें आपलें म्हणणें कसें मांडावें हें तिनें त्यांस शिकवावयाचें. अशीं पत्रें आम्हीं पूर्वीं दोघांतिघांस दिलीं आहेत, आणि तीं देतांना आमच्या मनांत फारसा विचार आला नव्हता हें कबूल केलें पाहिजे. चांगल्या कामास चांगलें पत्र, इतकाच आमचा हिशेब. ह्या खेपेस मात्र लेखणी हातीं घेतली ती चालेना. त्याचें कारण तिनें उंबऱ्यापाशीं थांबून विचारलेला एक प्रश्न. ती म्हणाली, "पाळकसाहेब, सहा आठवड्यांत मीं त्यांना बोलायला शिकवलं आणि मग मी परत आले, तर तीं बोलणार कुणाशीं?"

पत्र आम्हीं त्या दिवशीं दिलें नाहीं. कांहीं दिवसांची मुदत मागून घेतली. आपल्या मंडळ्यांतून कोणी ना कोणी अशा सेवेस परदेशीं जातो, आणि पाळकांकडे व पंचांकडे असें पत्र मागावयास येतो. म्हणून ह्या प्रश्नाचा जो विचार आम्हांस करावा लागला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें काम करण्याजोगें आहे कीं नाहीं? आमच्या मतें निःसंशय आहे. मूल वाईट संगतीनें मारावयास शिकतें अशी आपली सर्वांची समजूत असते. कॅनडा देशांतील माँट्रिऑल शहरचे रिचर्ड ट्रॅम्ब्ले व त्यांचे सहकारी ह्यांनीं मुलांस तान्हेपणापासून वर्षानुवर्षें पाहून जें दाखविलें तें ह्याच्या उलट आहे. मूल सर्वांत अधिक हात उगारतें तें वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. पुढें बहुतेक मुलांत तें प्रमाण उतरत जातें. म्हणजे मारणें शिकावें लागत नाहीं, न मारणें शिकावें लागतें. (ह्यावरून कोणी आमच्या जुन्या पापविषयक मतास पुरावा काढील, तो वाद आज नको.) आणि ज्या वयांत हात खालीं येऊं लागतो त्याच वयांत जीभ सुटते. आयांना हें पुस्तकांतून सांगावयास नको. दोन वर्षांचें पोर पाणी हवें म्हणून तांब्या भिरकावतें. तेंच चार वर्षांचें झालें म्हणजे ओसरीवरून ओरडतें, पण मागून घेतें. ज्याला मागतां येत नाहीं तो ओढतो.

तर मग बोलणें शिकवावें तें कसें? येथें एक उदाहरण जरा विस्तारानें सांगावेसें वाटतें, कारण तें आम्हांस फार आवडलें. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मायर्ना शूर व जॉर्ज स्पिव्हॅक ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं सुमारें १९७० पासून पुढें गरीब वस्तींतील अगदीं लहान मुलांसाठीं पाठ तयार केले. त्यांत 'मारूं नये' हा पाठच नाहीं. आरंभ होतो तो इवल्याशा शब्दांपासून : 'आहे' आणि 'नाहीं', 'आणि', 'किंवा', 'सारखें', 'वेगळें', 'आधीं', 'नंतर', 'कां' आणि 'कारण'. हे शब्द आधीं खेळांत घोळवावयाचे. मी पाय आपटतें आहें, मी टाळी वाजवीत नाहीं. तुम्हांस पाय आपटावयाचे आहेत किंवा उडी मारावयाची आहे? मुलें हंसतात व शब्द त्यांच्या जिभेवर बसतात. मग एके दिवशीं दोन मुलें एका खेळण्यासाठीं झोंबतात, तेव्हां शिक्षिका विचारते : हिला आनंद झाला आहे, किंवा राग आला आहे? तूं ओढलेंस त्याच्या आधीं काय झालें? नंतर काय झालें? खेळणें मिळविण्यास आणखी काय करतां येईल? मूल म्हणतें, 'मारीन.' ती रागावत नाहीं. ती म्हणते, हा एक उपाय झाला, दुसरा कोणता? आणि तसें केल्यास मग काय होईल?

आमच्या मतें ह्या साऱ्या पाठांचें मर्म 'किंवा' ह्या एका शब्दांत आहे. मारणाऱ्या मुलास वाईट तेंच आवडतें असें नसतें. त्याच्यापुढें वाट एकच असते, आणि 'किंवा' त्याला दुसरी दाखवितो. आपण उपदेशक लोक त्याची एकुलती वाट बंद करतों आणि 'आतां जा' म्हणतों. रविवारच्या शाळेंत आम्हीं स्वतः हें कितीदां केलें असेल कोण जाणे.

वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं हे पाठ देणारी कोणी पाहुणी नव्हती. मुलांच्या नेहमींच्या शिक्षिका रोज थोडा थोडा वेळ, कित्येक आठवडे हें करीत. आणि पुढें शूरबाईंनीं मुलांच्या आयांसहि तें शिकविलें. ट्रॅम्ब्ले ह्यांच्या माँट्रिऑलमधील प्रयोगाचीहि गोष्ट तीच. गरीब वस्तींतील सात ते नऊ वर्षांचे जे मुलगे वर्गांत फार दांडगाई करीत त्यांपैकीं कांहींस दोन वर्षें शिकवणी दिली. शाळेंत त्यांच्याबरोबर शांत स्वभावाचे सोबती बसविले आणि घरीं जाऊन आईबापांस मुलांशीं कसें वागावें हें शिकविलें. पुढें तीं मुलें वाढून चोविसाव्या वर्षांपर्यंत आलीं तेव्हां, अशी शिकवणी न मिळालेल्या त्यांच्याच बरोबरीच्या मुलांपेक्षां, त्यांतील अधिक जणांनीं शाळा पुरी केली होती आणि गुन्ह्याची नोंद कमी जणांवर होती. ह्या दोन वर्षांच्या कामाशेजारीं आमच्या शिक्षिकेच्या हातांतले सहा आठवडे ठेवून पाहावे.

आतां भाषेचा मुद्दा. परदेशीं छापलेल्या धड्यांत मुलानें म्हणावयाचें वाक्य तयार दिलेलें असतें : तूं असें केलेंस तेव्हां मला असें वाटलें, मला अमुक हवें आहे. वाक्य चांगलें आहे, आणि एका गोष्टींत आपली भाषा त्यास इंग्रजीपेक्षां अधिक अनुकूल आहे असें आम्हांस वाटतें. इंग्रजी बोलणारा 'मी रागावलेला आहें' अशा थाटानें बोलतो. जणूं तो आणि राग एकच. आपण म्हणतों, 'मला राग आला.' नेपाळी मनुष्य म्हणतो, 'मलाई रिस उठ्यो.' दोन्हीं भाषांत राग मनुष्याकडे येतो किंवा त्याच्यांत उठतो. तो मनुष्य नव्हे. आलेला जाऊंहि शकतो, हें मुलास व्याकरणानेंच शिकविलेलें आहे. परंतु दुसरीकडे एक अडचण आहे, ती परभाषिकास दिसत नाहीं. आपल्या 'तूं' आणि 'तुम्ही' ह्यांच्या जागीं नेपाळींत 'तँ', 'तिमी', 'तपाईं' अशा पायऱ्या आहेत. बालगृहांतील लहान मुलानें थोरल्या दांडगेश्वरास कोणत्या पायरीवरून बोलावें? आणि बालगृहाच्या व्यवस्थापकास?

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. आपल्याच घरांत पाहा. मुलगा बापास म्हणाला, "बाबा, तुम्हीं सगळ्यांसमोर मला वेडा म्हटलंत तेव्हां मला वाईट वाटलं," तर किती घरांत बाप थांबून ऐकेल? पुष्कळ ठिकाणीं ह्यास 'उलट बोलणें' असें नांव आहे व त्यावर औषध एकच. नेपाळांत २०१८ सालच्या कायद्यानें मुलांस मारणें घरीं, शाळेंत व सर्वत्र मना झालें. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मारण्यास बंदी आहे. कायदे उत्तम आहेत. पण ज्यास हातानें उत्तर द्यावयाची चाळीस वर्षांची संवय आहे त्याचा हात राजपत्र वाचून उगारला जात नाहीं असें थोडेंच आहे? अशा मनुष्यापुढें उघड्या मनाचें मूल उभें करून, पाहुणी आपली पेटी बांधून निघून जाते.

आम्ही लहानपणीं ज्या बोर्डिंगांत होतों तेथील एक गोष्ट सांगतों. तें बोर्डिंग कोठलें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. एके वर्षीं दूरदेशचे एक पाहुणे आठवडाभर येऊन राहिले. फार प्रेमळ गृहस्थ होते. दुभाष्या घेऊन ते आम्हां मुलांस कडुलिंबाखालीं गोल बसवीत, आणि ज्याच्या मनांत जें दुःख असेल तें त्यानें मोकळेपणीं सांगावें म्हणत. तीन दिवस कोणी बोललें नाहीं. चौथ्या दिवशीं चौथीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला कीं, मोठे मुलगे माझी भाकर काढून घेतात, आणि मीं देखरेख करणाऱ्या सरांस सांगितलें तर ते मलाच मारतात. पाहुण्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. त्यांनीं त्यास जवळ घेतलें, त्याच्या धैर्याची वाखाणणी केली, आणि आम्हां सर्वांकडून टाळ्या वाजवविल्या. सर लिंबाच्या दुसऱ्या बाजूस उभे होते. सोमवारीं पाहुण्यांची मोटार गेली. त्या रात्रीं त्या मुलाचें काय झालें तें आम्हीं पाहिलें, कारण आमची वळकटी त्याच्या शेजारीं होती. आणि आम्ही कांहीं बोललों नाहीं. पुढें दोन वर्षें तो आमच्याबरोबर होता. त्यास कोणीं कांहीं विचारलें तर 'कांहीं नाहीं' एवढेंच म्हणे. पाहुण्यांनीं शिकविण्यापूर्वीं तो ह्याहून अधिक बोलत असे.

त्या पाहुण्यांस आम्ही दोष देतों तो फार जपून, कारण शेजारच्या वळकटीवर आम्ही होतों. त्यांचा हेतु निर्मळ होता ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांच्या हातून जें निसटलें तें आतां आम्हांस असें दिसतें : मुलास 'मारूं नकोस, बोल' असें सांगणें हें नुसतें शिकविणें नव्हे, तें वचन आहे. तूं बोललास तर ऐकणारा कोणी असेल, असें तें वचन. मुलाच्या मुठी म्हणजे त्याची एकच ढाल असते. ती खालीं ठेव म्हणणाऱ्यानें त्याच्या पुढें उभें राहिलें पाहिजे. आणि हें वचन पाहुण्यास पाळतां येत नाहीं. तो निघून जाणार हें येतांनाच ठरलेलें असतें.

नेपाळच्या बालगृहांविषयीं तर आणखीहि एक गोष्ट बोलावी लागते. तेथें १९९६ पासून २००६ पर्यंत यादवी युद्ध चाललें. त्या काळांत हुम्ल्यासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल लोक आईबापांपासून पैसे घेऊन मुलें काठमांडूकडे आणीत. तेथें तीं सुरक्षित राहतील व शिकतील असें वचन देत. कॉनर ग्रेनन नांवाचा अमेरिकन तरुण २००४ सालीं काठमांडूच्या दक्षिणेस गोदावरी येथील बालगृहांत तीन महिन्यांच्या सेवेस गेला. ज्यांस तो अनाथ समजत होता त्यांचे आईबाप जिवंत आहेत हें त्यास मागाहून कळलें. मग तो पुन्हां नेपाळांत गेला, डोंगर चढून हुम्ल्यांत पोंचला, एकेका मुलाचें घर शोधूं लागला, आणि मुलें व घरचीं माणसें ह्यांची पुन्हां गांठ घालण्यासाठीं त्यानें एक संस्था स्थापन केली. तीन महिन्यांचा पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानें आपलें काम काय हें तेथें गेल्यावर ओळखलें, ह्याबद्दल आम्हांस त्याचा आदर वाटतो. मुलांस खरी गरज होती ती त्यांचें बोलणें आईच्या कानीं जाण्याची.

अशा गृहांत येणाऱ्या स्वयंसेवकांस मुलें 'दाइ' आणि 'दिदी' म्हणतात. म्हणजे दादा आणि ताई. हे शब्द हलके नाहींत. आपल्याकडे ताई म्हटल्यावर ती भाऊबीजेस येते. तेथें एक दिदी सहा आठवड्यांनीं जाते, दुसरी येते, तीहि जाते; आणि जें मूल पहिल्या दिदीसाठीं फाटकाशीं रडलें तें पांचवीच्या गळ्यांत पहिल्याच दिवशीं पडतें. पाहुण्यांस वाटतें, किती लाघवी मूल! अनाथगृहांतील अशा सेवेपासून होणाऱ्या अपायाविषयीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेंहि २०१९ सालच्या मुलांच्या हक्कांसंबंधीं ठरावांत चिंता दाखविली आहे, तें अकारण नव्हे.

तर मग परक्यानें परक्याच्या मुलांस कांहीं शिकवूंच नये काय? असें आम्ही म्हणूं लागलों तर आमच्याइतके कृतघ्न आम्हीच. सिंथिया फरार ह्या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या. त्यांनीं मराठी शिकून घेतली, मुलींच्या शाळा चालविल्या, १८३९ पासून अहमदनगर (म्हणजे आजचें अहिल्यानगर) येथें राहिल्या आणि १८६२ सालीं तेथेंच वारल्या. अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांच्या मनावर परिणाम झाला, आणि त्यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. त्या शाळेंत शिकविणाऱ्या सावित्रीबाई इकडच्याच होत्या, आणि इकडेच राहिल्या. बाहेरून आलेल्या माणसाचें काम येथें दोन वाटांनीं टिकलें : एक तर तें माणूस राहिलें, आणि दुसरें म्हणजे जें राहणार होतें त्याच्या हातीं काम गेलें. आलेले सगळेच पाहुणे असे होते असें नाहीं. कांहींजण पेटी न सोडतांच परतले, त्यांचीं नांवें आपण विसरलों आहों.

ह्यावर एक आक्षेप आहे तो खरा जड आहे. कोणी म्हणेल, आज ज्या मुलास मार बसतो आहे त्यानें कुठवर थांबावें? राहणारीं माणसें तयार होईतों वर्षें जातील. सहा आठवडे तर सहा आठवडे, तेवढें तरी सुख त्यास मिळूं द्या. आम्हांस ह्याचें पुरें उत्तर देतां येत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, मार बसत असलेल्या मुलास आधीं गोड बोलणें शिकवूं नये. आधीं मारणाऱ्याचा हात धरावा. संवादाची अशीच शिकवण देशोदेशीं देत फिरलेले मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) हेदेखील शिक्षेसाठीं वापरलेलें बळ आणि रक्षणासाठीं वापरलेलें बळ ह्यांत भेद करीत, आणि दुसऱ्यास प्रसंगीं स्थान देत. दुबळ्यास सौम्य बोलणें शिकवून बलवानास मोकळें सोडणें ह्यास आम्ही शांति म्हणत नाहीं. आपल्या गांवांतून पिढ्यान्पिढ्या कोणास खालच्या आवाजांत बोलावयास शिकविलें गेलें आणि कोणास तें कधींच शिकावें लागलें नाहीं, हें वाचक जाणतात.

मुदत संपल्यावर ती शिक्षिका पुन्हां आली तेव्हां आम्हीं तिला हें सारें सांगितलें, आणि पत्राऐवजीं तीन प्रश्न तिच्या हातीं दिले. ते तिनें त्या बालगृहास विचारावे. ह्या मुलांचे आईबाप कोठें आहेत, व त्यांची मुलांशीं भेट होते काय? रात्रीं मुलांजवळ जीं माणसें निजतात, जीं त्यांस जेवूं घालतात, तीं ह्या पाठांस रोज बसतील काय, म्हणजे ती परत आल्यावर पाठ चालूं राहतील? आणि एखाद्या मुलानें 'मला कोणी मारतें' असें सांगितलें तर त्याचें पुढें काय केलें जातें, व कोण करतें?

आम्हांस वाटलें होतें तिला राग येईल. ती म्हणाली, "मीं हे आधींच विचारायला हवे होते." नंतर कांहीं वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "दुसऱ्या प्रश्नाला त्यांनीं होय म्हटलं, तर मी मुलांना शिकवायला नको, त्या बायांनाच शिकवायला हवं. मग मला नेपाळी आधीं आली पाहिजे." तालुक्याच्या गांवीं एका बँकेवर नेपाळी पहारेकरी आहे. त्याचीं स्वतःचीं दोन मुलें तिकडे आजीजवळ असतात. शाळा सुटल्यावर ती मोटारीची वाट पाहत असते तेव्हां तो तिला रोज पांच-दहा वाक्यें शिकवितो. तो तिला प्रथमच म्हणाला कीं, आमच्याकडील म्हाताऱ्या बायांपुढें फार प्रश्न विचारूं नका दिदी, आधीं त्यांच्याबरोबर भाजी निवडीत बसा.

बालगृहास पत्र जाऊन आज सतरा दिवस झाले. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. आमचें शिफारसपत्र लिहून मेजाच्या खणांत ठेवलें आहे. त्याखालीं सही मात्र केलेली नाहीं.